बुचवाला, कापडवाला आणि रिकामी वाघूर

पेशी पहिल्यांदा कोणी पाहिली, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न माझा नाही. रुखमाजी मामा, तो तुमचा आहे. शेवटच्या भेटीत तुम्ही तो मला विचारलात, मी "सोमवारी सांगते" म्हणाले आणि तुम्ही शनिवारीच गेलात. इतक्या वर्षांत माझे उत्तर पूर्ण होण्याआधी तुम्ही उठून गेल्याचा हा एकमेव प्रसंग आहे.

तुमची जन्मतारीख, सेवेची वर्षे आणि 'कर्तव्यदक्ष' हा शब्द शाळेच्या फळ्यावर लिहून झाला आहे. जन्मतारीख चुकली होती. मी ती दुरुस्त करून घेतली. ती माहिती येथे पुन्हा देत नाही. ज्यांनी तुम्हाला पाहिले नाही अशा वाचकांसाठी एवढेच सांगते, की जवळा बाजारच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेत तुम्ही गेल्या वर्षापर्यंत प्रयोगशाळा परिचर होतात आणि मी तेथे विज्ञान शिकवते. परिचर म्हणजे ज्याने काचेची भांडी धुवावीत, बाटल्या पुसाव्यात, सूक्ष्मदर्शकावर कापड घालावे आणि कुलूप लावावे अशी व्यक्ती. ही व्याख्या तुम्ही कधी ऐकली नव्हती, असे माझे अनुमान आहे.

आपली ओळख एका बुडबुड्यावरून झाली. मी नव्याने रुजू झाले होते आणि नववीचे पहिले प्रात्यक्षिक कांद्याच्या झिल्लीचे, म्हणजे कांद्याच्या आतल्या मांसल पापुद्र्यावरची पारदर्शक झिल्ली पाहण्याचे होते. मी झिल्ली काढली, काचपट्टीवर ठेवली, आयोडीनचा थेंब टाकला, वर आच्छादक काच ठेवली, आरसा फिरवून उजेड आणला आणि भिंगातून पाहिले. मध्यभागी एक सुबक, वाटोळी, काळ्या काठाची आकृती होती. मी मुलांकडे वळून म्हणाले, "या, आणि आयुष्यातील पहिली पेशी पाहा."

रांगेत पहिले तुम्ही उभे होतात. मला ते विचित्र वाटले, पण मी नवी होते. तुम्ही डावा डोळा मिटलात, उजवा भिंगाला लावलात आणि बराच वेळ तसेच राहिलात.

"मॅडम," तुम्ही हळूच म्हणालात, "हा बुडबुडा हाय."

"कशावरून?"

"वरून टाचणीनं दाबून पाहा. पळतो. पेशी पळत न्हाई. ती आपल्या जागी ऱ्हाते, शेजारणीला टेकून."

मी टाचणीने दाबले. माझी पेशी मध्यभागातून थेट काठाकडे पळाली. मागे पोरे हसू लागली. तुम्ही मात्र हसला नाहीत. आच्छादक काच उचललीत आणि मला म्हणालात, "काच एकदम टाकली की खाली हवा घावते. मेंढी कशी बसते, पाहिली का? आधी पुढचे गुडघे टेकते, मंग मागलं अंग सोडते. काच बी तशीच बसवायची."

तुम्ही काचेची एक कड थेंबाला टेकवलीत, टाचणीच्या आधाराने दुसरी कड हळूहळू खाली आणलीत आणि मी पुन्हा पाहिले, तेव्हा विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या ओळीच्या ओळी दिसल्या. प्रत्येकीत आयोडीनने पिवळसर झालेला एक ठिपका होता. पदवीच्या तीन वर्षांत मला जे कोणी सांगितले नव्हते, ते धनगराच्या घरात वाढलेल्या माणसाने मेंढीच्या गुडघ्यांवरून सांगितले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी मुलांना आच्छादक काच त्याच शब्दांत शिकवते. आभार मात्र मी त्या दिवशी मानले नव्हते. मी म्हणाले होते, "ठीक आहे, मामा. आता मागे व्हा."

मागे होणे तुम्हाला जमत नसे. पेशीची रचना मी फळ्यावर आकृती काढून सांगत असे आणि तुम्ही बाटल्या पुसता पुसता तीच रचना मागच्या बाकांना सांगत असायचात. मी म्हणे, "पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. ते काही पदार्थांना आत-बाहेर जाऊ देते आणि काहींना अडवते." मागून आवाज येई, "म्हंजी वाघूर." वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडण्यासाठी खुंट्यांवर ताणलेली दोरीची जाळी, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. "वाघुरीतून वारा जातो, लांडगा न्हाई जात. बराबर का, मॅडम?"

"ढोबळमानाने बरोबर," मी म्हणे.

"अन् झाडाच्या पेशीला वाघुरीबाहेर आणखी बाभळीचं कुपन. तुमची भित्तिका. काहून की झाडाला लांडगा आला तरी पळता येत न्हाई."

हे शास्त्रीय कारण नव्हते. भित्तिका पेशीला आकार आणि आधार देते, असे मी वहीत लिहून देई. परीक्षेत मात्र निम्मी मुले 'झाडाला पळता येत नाही म्हणून' असे लिहीत आणि मी लाल शाईने त्याखाली रेघ ओढत असे. एके वर्षी त्या रेघा ओढताना माझ्या लक्षात आले, की उरलेल्या निम्म्या मुलांनी काहीच लिहिलेले नाही. त्यानंतर मी अर्धा गुण देऊ लागले. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

केंद्रकावरून आपले पहिले खरे भांडण झाले. तुम्ही मुलांना सांगितले, की केंद्रक म्हणजे कळपाचा कारभारी. मी म्हटले, "मामा, कारभारी म्हणू नका. पेशीची माहिती केंद्रकात साठवलेली असते आणि पेशीच्या कामांवर त्याचे नियंत्रण असते."

"मंग कारभारी न्हाई तर काय? मधात बसून नुसतं पाहून राहिला का तो?"

"तो नेहमी मध्यभागी नसतोच. कांद्याच्या पेशीत पाहा. आत मोठी रिक्तिका असते, रसाने भरलेली. तिच्यामुळे केंद्रक कडेला ढकलले जाते."

तुम्ही भिंगातून पाहिलेत. केंद्रक खरोखरच भिंतीला टेकलेले होते. मला वाटले, वाद मिटला.

"हाच कारभारी," तुम्ही समाधानाने म्हणालात. "आमचा थोरला भाऊ बी मधात कधीच बसत न्हाई. कडेच्या लिंबाखाली बसतो अन् तिथून वरडतो."

मामा, आता एक गोष्ट कबूल करते. गालाच्या आतल्या पेशींचे प्रात्यक्षिक असले, की मला भीती वाटे. उकळून घेतलेल्या काडीने गाल आतून हलकेच खरवडायचा, ते काचपट्टीवर पसरायचे आणि मिथिलिन ब्लूने रंगवायचे, एवढीच कृती. पण मुले गाल द्यायला तयार नसत. "मॅडम, दुखतंय का?" "मॅडम, रगत येतंय का?" मग दरवर्षी गाल तुमचा. नववीच्या कित्येक वर्गांनी मानवी पेशी म्हणून जी पाहिली, ती तुमची आहे. आमच्या पंचक्रोशीत तुमचे इतके जवळून दर्शन घेतलेली माणसे शेकड्यांनी आहेत.

एका वर्षी मी वह्या तपासायला घेतल्या आणि थबकले. सव्वीस वह्यांपैकी चोवीस वह्यांत केंद्रकाशेजारी एक लहान, तपकिरी, टोकदार वस्तू काढली होती. काहींनी तिला 'अज्ञात अंगक' असे नाव दिले होते. एका मुलीने झाडाच्या पानातील हरितलवकाच्या धर्तीवर आत्मविश्वासाने 'तपकिरी लवक' लिहिले होते. दोन मुले एकत्र बसून चुकतात. चोवीस मुले वेगवेगळ्या बाकांवर बसून एकच चूक करत नाहीत. मी काचपट्टी पुन्हा लावली. वस्तू तेथे होती. पाठ्यपुस्तक काढले, पदवीचे पुस्तक काढले. कोठेही नव्हती. मामा, हे लिहिताना मला आजही संकोच वाटतो, पण सुमारे दहा मिनिटे माझी अशी समजूत होती, की आमच्या नववीने विज्ञानाला ठाऊक नसलेला पेशीचा एक भाग शोधून काढला आहे. हे कोणाला कळवावे, याचा मी विचार करत होते. पत्राचा मायना जवळजवळ ठरला होता.

तेवढ्यात तुम्ही दाराबाहेर जाऊन थुंकून आलात.

"मामा," मी म्हणाले, "जरा इकडे पाहा."

तुम्ही पाहिलेत. डोळा भिंगावरून काढलात. मान खाली घातलीत. "मॅडम, ती माझी तंबाखू हाय."

चोवीस वह्या तुम्ही स्वतः चाळून पाहिल्यात. 'तपकिरी लवक' या शब्दावर तुम्ही बोट ठेवलेत. "लेकरांनी माझ्या तंबाखूला नाव ठिवलं," तुम्ही म्हणालात. "उंद्या बोर्डाच्या पेपरात लिवतील. न्हाई मॅडम, हे न्हाई चालणार." दुसऱ्या दिवशी तुमची पुडी नव्हती. पुढेही कधी दिसली नाही. मामींनी तुम्हाला शपथा घातल्या होत्या, डॉक्टरांनी दम दिला होता, भावांनी पुडी लपवून ठेवली होती; पण तुमची तंबाखू सुटली ती एका चुकीच्या आकृतीमुळे. विज्ञानाने समाजाचे काय भले केले, असा निबंध मुलांना लिहायला देते, तेव्हा हे उदाहरण मला नेहमी आठवते आणि ते सांगता येत नाही.

आता प्रश्नाकडे येते.

पेशीचा शोध हा धडा मी दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवत असे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका गृहस्थांनी बाटलीच्या बुचाचा अतिशय पातळ काप घेतला, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि त्यांना मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान खोल्या दिसल्या. त्या खोल्यांना त्यांनी त्यांच्या भाषेतील लहान खोलीचा शब्द दिला. तोच शब्द आज जगभर पेशीसाठी वापरतात. त्यांचे नाव पुस्तकात आहे. तुम्ही ते नाव एकदाही उच्चारले नाहीत. तुमच्या लेखी ते 'बुचवाले साहेब' होते.

"बूच म्हंजी काय, मॅडम?"

"एका झाडाची साल."

"जित्या झाडाची का मेलेल्या?"

"झाड जिवंत असते. सालीतील त्या पेशी मात्र मृत असतात."

"मंग त्या खोल्यांत काय व्हतं?"

"हवा."

तुम्ही हातातले फडके खाली ठेवलेत. "म्हंजी मॅडम, त्यानं बी बुडबुडाच पाहिला की!"

वर्ग खदखदून हसला. मी म्हणाले, की नाही, त्यांनी पेशीच्या भित्तिका पाहिल्या. तुम्ही म्हणालात, "भित्तिका म्हंजी कुपन. पाहा, आता मी सांगतो. सकाळी मेंढरं चरायला गेली. वावरात वाघूर तशीच उभी. रस्त्यानं एक पाव्हणा आला, रिकामी वाघूर पाहिली, अन् गावात जाऊन सांगू लागला, म्या मेंढरं शोधली. तुमी त्याला शाबासकी देता का?"

मी सांगितले, की त्याच काळात हॉलंडमधील एका कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून तळ्याच्या पाण्याच्या थेंबात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिले. त्यांतील अनेक जीव म्हणजे एकेक जिवंत पेशीच होती.

"झालं तर!" तुम्ही म्हणालात. "बुचवाल्यानं वाघूर पाहिली, कापडवाल्यानं मेंढरं पाहिली. पह्यला नंबर कापडवाल्याचा."

"मामा, प्रश्नपत्रिकेत बुचवाल्यांचेच नाव अपेक्षित आहे. एका गुणाचा प्रश्न आहे."

"मी गुणाचं न्हाई, मेंढराचं इचारून राहिलो."

हा वाद दरवर्षी, त्याच धड्यावर, त्याच आठवड्यात होत असे. मुले त्याची वाट पाहत. आधीच्या वर्गातील मुले पुढच्यांना सांगून ठेवत, 'मामा बुचावर उठले की टाळ्या वाजवायच्या नाहीत, मॅडम चिडतात.' मला तो आवडत असे, मामा. वरवर मी घड्याळाकडे पाहत असे.

पण गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, तपासणीसाठी एक अधिकारी आले. त्यांनी नववीच्या वर्गाला सहज विचारले, "पेशीचा शोध कोणी लावला?" वर्गात पूजा होती. तांड्यावरून रोज चालत येणारी, दर तासाला किमान तीन प्रश्न विचारणारी, माझ्या धड्याचा वेग निम्म्यावर आणणारी मुलगी. ती उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "साहेब, बुचवाल्या साहेबानं नुसती रिकामी वाघूर पाहिली. मेंढरं तर कापडवाल्यानं पाहिली."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पाठ्यपुस्तक उघडले आणि अनुक्रमणिकेत बोट फिरवून पाहिले. "मॅडम, नववीला मेंढी कोणत्या प्रकरणात आहे?"

वर्ग हसला. ते अधिकारीही हसले. माणूस वाईट नव्हता. हसू आले नाही ते मला. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होतात, तुमचा चेहरा कौतुकाने फुलला होता, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तुम्ही परिचर आहात. शिकवणे तुमचे काम नाही."

"बराबर हाय, मॅडम," तुम्ही म्हणालात आणि चहा ठेवून गेलात.

मी तेवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी पूजाच्या वहीत लाल शाईने लिहिले, 'उत्तर चूक. पाठ्यपुस्तक पाहावे.' पूजाने पाठ्यपुस्तक पाहिले असावे. त्यानंतर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. माझे धडे वेळेवर संपू लागले.

तुम्ही दुसऱ्या दिवसापासून नियमांतील परिचर झालात. बाटल्या इतक्या स्वच्छ कधी नव्हत्या. मी विचारले, "मामा, आयोडीन संपले का?" तुम्ही बाटली उलटी करून दाखवलीत. "मामा, हा बुडबुडा आहे का हो?" तुम्ही दोन्ही डोळे मिटलेत. "परिचराला दिसत न्हाई, मॅडम." दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत प्रयोगशाळेत मी एकटी बोलत होते, आणि मुलांच्या काचपट्ट्यांवर इतके बुडबुडे होते, की साबणाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक चालले आहे असे वाटावे.

संक्रांतीनंतर एक दिवस मीच हरले. म्हणाले, "मामा, काच कशी बसवायची ते मुलांना दाखवा."

"हे परिचराच्या कामात बसतं का?"

"बसते."

"पुस्तकात पाहून सांगा. पलटाल."

"मामा!"

तुम्ही हसलात, पुढे आलात आणि मुलांना मेंढी बसवून दाखवलीत. सगळे पूर्ववत झाले, असे मी मानले. तुम्ही राग धरला नव्हता. परंतु ज्या वाक्याने हे झाले, ते वाक्य मी परत घेतले नव्हते. मे महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या भाषणात मी तुमच्या स्वच्छतेची फार प्रशंसा केली.

या वर्षी तुमचे दुखणे वाढल्याचे कळले आणि मी भेटायला आले. तुम्ही अंगणात बाजेवर होतात. अंगाने निम्मे, आवाजाने पूर्वीइतकेच.

"मॅडम, आता म्या परिचर न्हाई. रिटायर हाय. आता तर सांगा. पह्यल्यांदा कुणी पाहिली?"

"मामा, आधी बरे व्हा."

"त्याच्यावर ते अवलंबून न्हाई."

"नीट वाचून सांगते. सोमवारी."

"लिवून आणा. तोंडी सांगितलं की तुमी बदलता."

मी नीट वाचत होते, मामा. हे खोटे नाही. रविवारी रात्री उत्तर पूर्ण होणार होते.

तुम्ही गेल्यावर मी पुन्हा तुमच्या घरी आले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या मॅडम. तुमच्यापायी माझ्या घरात कांदा अख्खा कधी शिजला न्हाई. भाजीला कांदा चिरायला घेतला की हे म्हणायचे, थांब, आतली झिल्ली काढू दे."

मी म्हणाले, "मामांना फार हौस होती."

"हौस?" मामी म्हणाल्या. "गेल्या साली शाळेत बोलत न्हवते ना, तवा समदं मला शिकवायचे. भाकरी थापता थापता. इचारा तुमी मला, केंद्रक कुठं असतं?"

"कुठे असते, मामी?"

"गालाच्या पेशीत मधात. कांद्याच्या पेशीत कडेला, काहून की मधात रसाची पखाल ऱ्हाते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "बराबर हाय का?"

"पूर्ण बरोबर."

"त्या दिशी घरी आले तर जेवले न्हाईत. तुमचं बोलणं लई लागलं व्हतं त्यायला. मी म्हणलं, जाऊन भांडा मॅडमसंग. तर म्हणले, न्हाई, मॅडम बराबर बोलल्या, शिकवणं माझं काम न्हाई. पर बुचवाला चुकलाय."

एवढे बोलून त्या रडता रडता हसल्या. मी हसू शकले नाही. तुमच्या वर्गात त्या चार महिन्यांत एकच विद्यार्थिनी होती आणि तिचे उत्तर माझ्या साऱ्या वर्गापेक्षा चांगले होते.

आता उत्तर. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहून देत आहे.

बुचवाल्या साहेबांनी बुचात जे पाहिले, त्या मृत पेशींच्या भित्तिकाच होत्या. आत हवा होती. येथपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर. जिवंत, हालचाल करणारे एकपेशीय जीव कापडवाल्यांनी पाहिले, हेही बरोबर. पण मामा, मी त्या बुचवाल्यांचे स्वतःचे लेखन शोधून वाचले. त्यांनी बुचावरच काम थांबवले नव्हते. हिरव्या, ताज्या वनस्पतींचेही काप घेतले होते, आणि तेथील खोल्या रसाने भरलेल्या दिसल्याचे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ते नुसतीच रिकामी वाघूर पाहून परत गेले नाहीत. दुसऱ्या वावरात त्यांना भरलेली वाघूरही दिसली. आत जे आहे ते जिवंतपणाचे मूळ आहे, हे मात्र त्यांना ओळखता आले नाही. ते कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे आणि बरीच माणसे लागली. केंद्रकाला नाव पडले तेही त्याच सुमारास. म्हणून माझे उत्तर असे: पहिल्यांदा पाहिली बुचवाल्यांनी, जिवंत फिरताना पाहिली कापडवाल्यांनी, आणि आपण काय पाहिले हे दोघांपैकी कोणालाही नीट कळले नाही.

तुमच्याविरुद्ध इतका चांगला पुरावा मला पहिल्यांदाच मिळाला, आणि तो खोडून काढायला तुम्ही नाही. तुम्ही काय म्हणाला असतात, हे ताडण्याचा मी बराच प्रयत्न करून पाहिला. मला सुचले नाही. वाद घालण्याची ही रीत मला एकटीला येत नाही, मामा.

हे उत्तर मी दहावीच्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या नववीच्या, वर्गात वाचून दाखवले. त्याआधी गेल्या वर्षीचे माझे वाक्य वर्गासमोर परत घेतले. म्हणाले, "मामा शिकवत होते, आणि ते त्यांचे काम होते. मी चुकीचे बोलले." मग पूजाची जुनी वही मागितली. ती तिने आणली नव्हती. मी म्हणाले, "उद्या आण. त्यातील लाल शेरा मला खोडायचा आहे."

पूजाने हात वर न करताच विचारले, "मॅडम, म्हंजी मामा चुकले?"

"अर्धे."

"अन् तुमी?"

"प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केले. ती पूर्ण चूक."

मला वाटले, संपले.

"ते हिरव्या झाडातला रस," ती म्हणाली, "तुमी सवता पाहिला का नुसतं वाचलं?"

"वाचले."

"मंग दाखवा की."

तो तास संपायला सात मिनिटे राहिली होती. मी धडा बंद केला. पूजा खिडकीबाहेरून एक कोवळा देठ तोडून आणायला धावली, दुसऱ्या एकाने औषधाच्या जुन्या बाटलीचे खरे बूच शोधून आणले, आणि घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही. बुचाचा आमचा काप जाड निघाला. देठाचा बरा आला. आच्छादक काच पूजाने बसवली. बुडबुडा एकच होता.

वाचकांना विनंती आहे, की या लेखातील माझे किंवा मामांचे म्हणणे केवळ येथे छापले आहे म्हणून मान्य करू नये. जवळच्या शाळेत जावे. एक कांदा न्यावा, जमल्यास बूच न्यावे, पाते जपून वापरावे, प्रत्येकाचा शक्य तितका पातळ काप घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहावे. कोणती खोली भरलेली आहे आणि कोणती रिकामी, ते आपल्या डोळ्यांनी ठरवावे. आमचे काही चुकले असल्यास शाळेत येऊन सांगावे. तास चालू असला, तरी चालेल.